विरोधी बाकांवरचा पेच: एकजूट टिकवायची की तडजोड करायची?

९ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी रात्री अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक मतदान झालं. सरकारी कामकाज बंद पडून चाळीस दिवस झाले होते. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले होते, हवाई नियंत्रक कमी पडत असल्यानं विमानं रद्द होत होती आणि गरीब कुटुंबांची सरकारी अन्नमदत अडकली होती. विरोधी बाकांवरच्या डेमोक्रॅट्सची मुख्य मागणी आरोग्य विम्याबद्दल होती. विम्याच्या हप्त्यावर मिळणारं वाढीव अनुदान वर्षअखेरीस संपणार होतं. ते पुढे चालू ठेवा, नाहीतर खर्चाच्या विधेयकाला आमची मतं नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या रात्री त्यांच्याच गटातल्या आठ जणांनी सरकारच्या बाजूनं मत टाकलं आणि कोंडी फुटली.

आकडा बघण्यासारखा आहे. सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३. त्यातले रँड पॉल विरोधात गेले, उरले ५२. त्यात हे आठ मिळवले की ६०. हवे होते तेवढेच, एकही जास्त नाही.

बदल्यात काय मिळालं? शटडाऊनच्या काळात काढलेल्या कर्मचाऱ्यांना परत घेण्याची तरतूद, थकलेले पगार, अन्नमदतीसाठी वर्षभराचा निधी आणि अनुदानाच्या प्रश्नावर डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचं आश्वासन. मतदान घेण्याचं, मंजूर करण्याचं नव्हे. डिसेंबरमध्ये ते झालं, ५१ विरुद्ध ४८ असा कौल आला, ६० काही गाठता आले नाहीत आणि विषय तिथेच बारगळला. डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांनी या आठ जणांना शरणागती पत्करल्याबद्दल फैलावर घेतलं. सिनेटमधले त्यांचे नेते चक शूमर यांनी स्वतः विरोधात मत दिलं होतं, तरी त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी रो खन्ना यांनी आता नेता बदला असं जाहीरपणे म्हटलं.

आता त्या आठ नावांपुढे त्यांच्या पुढच्या निवडणुकीचं वर्ष लिहून पाहू. डिक डर्बिन आणि जीन शाहीन २०२६ मध्ये निवृत्त होणार. कॅथरीन कोर्टेझ मास्टो, मॅगी हसन आणि जॉन फेटरमन यांची निवडणूक २०२८ मध्ये. टिम केन, जॅकी रोझेन आणि अपक्ष असूनही डेमोक्रॅट्सच्या गटात बसणारे अँगस किंग यांची थेट २०३० मध्ये. २०२६ मध्ये मतदारांपुढे जाणारा एकही नाही. २०२५ च्याच मार्चमध्येही असाच प्रसंग आला होता. तेव्हा शूमर यांच्यासह दहा जणांनी सरकार बंद पडू नये म्हणून वाट मोकळी करून दिली होती. ती यादीही तपासली तर तेच दिसतं: कुणी निवृत्तीच्या वाटेवर, तर कुणाची निवडणूक २०२८ किंवा २०३० ला. जॉर्जियाचे जॉन ऑसॉफ यांना मात्र २०२६ मध्येच अटीतटीची लढत द्यायची आहे आणि त्यांनी दोन्ही वेळा पक्षाबरोबरच मत दिलं.

विरोधी पक्षानं एकजुटीनं अडून बसावं की सत्ताधाऱ्यांशी बसून मार्ग काढावा, या प्रश्नावर अमेरिकेत भाषणं भरपूर होतात. तत्त्व, देशहित, लोकशाही, सगळं त्यात येतं. ते खोटं असतं असं नाही. पण कोण कधी तडजोड करतो हे समजून घ्यायचं असेल, तर भाषणाआधी कॅलेंडर उघडावं.

साठचा आकडा आला कुठून?

अमेरिकेच्या संसदेची दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य असतात आणि त्यांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. सिनेटमध्ये १०० सदस्य असतात, प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. मुदतीतला हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

प्रतिनिधीगृहात साधं बहुमत असलं की काम भागतं. तिथे विरोधकांच्या हाती भाषणापलीकडे फारसं काही नसतं. सिनेटचा मामला वेगळा. तिथे चर्चा संपवून विधेयक मताला टाकायचं, तर त्यासाठीच आधी ६० मतं लागतात. चर्चा लांबवून विधेयक अडवण्याच्या या डावपेचाला फिलिबस्टर म्हणतात. राज्यघटनेत त्याचा कुठेच उल्लेख नाही, तो सिनेटनं स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम. १९१७ पर्यंत चर्चा सक्तीनं थांबवायची सोयच नव्हती. त्या वर्षी दोन तृतीयांशाची अट आली, १९७५ मध्ये ती तीन पंचमांशावर, म्हणजे ६० वर आणली. पूर्वी सदस्य खरोखर तासन्‌तास उभं राहून बोलत. आता तेवढेही कष्ट नाहीत. आम्ही चर्चा संपू देणार नाही एवढं कळवलं तरी विधेयक अडकतं.

यातून एक पळवाट आहे. कर आणि खर्चाशी थेट संबंध असलेली विधेयकं रिकन्सिलिएशन नावाच्या खास पद्धतीनं साध्या बहुमतानं मंजूर करता येतात. विरोधकांचं एकही मत लागत नाही. पण अशा कायद्यांना अर्थसंकल्पी नियमांची वेसण असते आणि खर्चाचा आकडा आटोक्यात दाखवण्यासाठी तरतुदींवर मुदतीचा शिक्का मारला जातो. ज्या अनुदानावरून २०२५ चा शटडाऊन झाला, ते असंच जन्माला आलं होतं. २०२१ मध्ये डेमोक्रॅट्सनी ते एकट्याच्या बळावर दोन वर्षांसाठी दिलं, २०२२ मध्ये पुन्हा एकट्याच्या बळावर २०२५ च्या अखेरपर्यंत वाढवलं. मुदत संपायची वेळ आली तेव्हा सत्ता दुसऱ्यांकडे होती. तडजोड टाळून केलेल्या कायद्याची किंमत अशी नंतर, आणि व्याजासकट, चुकवावी लागते.

व्हिप आहे, पण त्याला दात नाहीत

आपल्याकडे दहाव्या परिशिष्टामुळे व्हिप मोडणाऱ्या आमदार-खासदाराचं सदस्यत्वच जाऊ शकतं. त्यामुळे अमेरिकेतल्या बातम्या वाचताना हे फुटीर अजून पक्षात कसे, असा प्रश्न मराठी वाचकाला पडतो. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप या नावाचा पदाधिकारी असतो, पण त्याचं काम मतं मोजायचं आणि मनधरणी करायचं. नेतृत्व फार तर चांगली समिती देणार नाही, प्रचाराला पैसा देताना हात आखडता घेईल. उमेदवारी मात्र नेत्याच्या खिशात नसते, आणि खरी मेख तिथेच आहे.

उमेदवारी ठरते प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत. पक्षाचे मतदार स्वतः मत देऊन उमेदवार निवडतात. मुख्य निवडणुकीच्या मानानं तिथे मतदान बरंच कमी होतं, आणि जे येतात ते बहुतेक पक्षाचे कडवे, राजकारणाचा रोजचा रतीब घेणारे. बहुतांश मतदारसंघ कुठल्यातरी एका पक्षाचे बालेकिल्ले असल्यानं प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक जिंकल्यात जमा. मग लोकप्रतिनिधी कुणाला घाबरणार? समोरच्या पक्षाला नव्हे, आपल्याच पक्षातल्या आव्हानवीराला. गंमत अशी, की शिक्षा करायचा अधिकार पक्षनेत्यांकडे नसूनही पक्षशिस्त कडक झाली ती यामुळे. व्हिपचं काम मतदारच करतात.

इंडियानाचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड लुगर हे यातलं ठळक उदाहरण. १९७६ मध्ये पहिल्यांदा सिनेटवर निवडून आले, सहा वेळा जिंकले. १९९१ मध्ये डेमोक्रॅट सॅम नन यांच्याबरोबर त्यांनी जो कायदा केला, त्यातून सोव्हिएत संघ कोसळल्यावर वाऱ्यावर पडलेली अण्वस्त्रं निकालात काढण्यासाठी अमेरिकेनं पैसा दिला. दोन पक्षांनी मिळून काम केलं तर काय घडू शकतं, यासाठी अजूनही याचाच दाखला देतात. ओबामा अध्यक्ष असताना, मे २०१२ मध्ये, हेच लुगर प्रायमरीत रिचर्ड मर्डॉक यांच्याकडून दणकून हरले. मर्डॉक यांचा मुद्दा सरळ होता: दोन पक्षांचं सहकार्य म्हणजे डेमोक्रॅट्सनी आमच्या बाजूला येणं. पुढे मर्डॉक यांनीही मुख्य निवडणूक गमावली. प्रचारात बलात्कार आणि गर्भपात यांबद्दल त्यांनी केलेलं विधान त्यांना भोवलं, आणि रिपब्लिकनांची वर्षानुवर्षांची हक्काची जागा डेमोक्रॅट जो डॉनेली यांच्याकडे गेली. पण इतर रिपब्लिकन सिनेटरांनी धडा घेतला तो मर्डॉक यांच्या पराभवातून नाही, लुगर यांच्या पराभवातून.

त्याआधी दोन वर्षं युटाच्या बॉब बेनेट यांना पक्षाच्या अधिवेशनातच बाद केलं गेलं. प्रायमरीपर्यंत पोचायलाही मिळालं नाही. ते काही मवाळ नव्हते. पण २००८ मध्ये बँकांना वाचवणाऱ्या योजनेला त्यांनी मत दिलं होतं आणि डेमोक्रॅट रॉन वायडन यांच्याबरोबर आरोग्य विम्याचं विधेयक आणलं होतं. एवढं पुरलं.

डेमोक्रॅट्सही यात मागे नाहीत. २००० मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेले जो लीबरमन यांनी बुश यांच्या इराक युद्धाला ठाम पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये कनेटिकटच्या प्रायमरीत ते पडले. नंतर अपक्ष उभे राहून जिंकले. तीनच वर्षांनी ओबामांच्या आरोग्य विधेयकाला साठावं मत हवं होतं तेव्हा लीबरमन अडून बसले आणि सरकारी विम्याचा पर्याय विधेयकातून काढायला लावला. प्रायमरीत पाडलेला माणूस अपक्ष होऊन परत आला की कुणाचंच काही देणं लागत नाही.

एकजुटीमागचा हिशेब

२००९ चा उन्हाळा. ओबामा नुकतेच मोठ्या बहुमतानं आलेले. सिनेटच्या अर्थ समितीचे डेमोक्रॅट अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी आरोग्य सुधारणेसाठी सहा जणांचा गट बसवला: तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन. रिपब्लिकनांकडून चक ग्रासली, माइक एन्झी आणि ऑलिंपिया स्नो. महिनोन्‌महिने बैठका चालल्या. डेमोक्रॅट्सनी पुष्कळ मुद्द्यांवर पाणी सोडलं, कारण दोन-तीन रिपब्लिकन मतं मिळाली तरी कायद्याला दोन्ही पक्षांचं म्हणता येईल अशी आशा होती.

ऑगस्टमध्ये सदस्य आपापल्या राज्यात गेले. गावोगावच्या सभांमध्ये संतापलेले लोक उभे राहायला लागले. आयोवातल्या अशाच एका सभेत ग्रासली म्हणाले, की आजीचा प्लग काढायचा, म्हणजे तिला जगवणारी यंत्रं बंद करायची, की नाही हे सरकार ठरवणार असेल तर लोकांना भीती वाटणारच. विधेयकात तसं काही नव्हतं. पण ग्रासलींची निवडणूक २०१० मध्ये होती. त्या वाक्यानंतर वाटाघाटींत राम उरला नाही.

स्नो यांची गोष्ट जास्त बोलकी आहे. १३ ऑक्टोबरला समितीत विधेयकाच्या बाजूनं मत देणाऱ्या त्या एकमेव रिपब्लिकन. पण २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या सकाळी, सिनेटमध्ये अंतिम मतदान झालं तेव्हा त्यांनीही विरोधात मत दिलं. निकाल ६० विरुद्ध ३९. मार्च २०१० मध्ये प्रतिनिधीगृहानं ते २१९ विरुद्ध २१२ असं मंजूर केलं. दोन्ही सभागृहांत अंतिम विधेयकाला एकही रिपब्लिकन मत नाही. २०१२ मध्ये स्नो यांनी टोकाच्या पक्षीय राजकारणाला कंटाळून निवडणूक न लढवण्याचा निर्णय घेतला.

हे आपोआप झालं नाही. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी नंतर मुलाखतीत यामागचा विचार लपवला नाही. या प्रस्तावांवर आमच्या बोटांचे ठसे उमटू नयेत यासाठी आम्ही खूप मेहनत घेतली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. दोन्ही पक्षांची नावं एखाद्या विधेयकावर दिसली की लोकांना वाटतं, मतभेद मिटले, म्हणजे गोष्ट चांगलीच असणार. एकही नाव नसलं की त्यांना कळतं, इथे मोठा वाद आहे.

हा माणूस आवडो न आवडो, त्याचं निदान अचूक आहे. सामान्य मतदार विधेयकाची हजार पानं वाचत नाही. तो खूण शोधतो, आणि दोन्हीकडची मतं ही सगळ्यात सोपी खूण. त्यामुळे तडजोड करणारा विरोधक विधेयक थोडं सुधारतो खरा, पण सोबत सत्ताधाऱ्यांना प्रशस्तिपत्रही देऊन टाकतो. यश मिळालं तर श्रेय राष्ट्राध्यक्षांचं, फसलं तर विरोधकांनाही बोलायला तोंड नाही, कारण सही त्यांचीही आहे. एकजूट ठेवली तर जबाबदारीची रेघ स्वच्छ राहते. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ६३ जागा जास्त जिंकल्या. मंदीचाही त्यात वाटा होता, पण डाव फळला हे नाकारता येत नाही.

डेमोक्रॅट्सनी हाच डाव आधी खेळून दाखवला होता. २००५ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आलेल्या बुश यांनी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा काही भाग खासगी खात्यांत वळवायची योजना मांडली. सिनेटमध्ये रिपब्लिकन ५५ होते, पण डेमोक्रॅट्सच्या मतांशिवाय ६० होत नव्हते. प्रतिनिधीगृहातल्या विरोधी नेत्या नॅन्सी पेलोसी यांच्यामागे त्यांच्याच सहकाऱ्यांचा तगादा होता, की आपलीही पर्यायी योजना मांडू या. कधी मांडणार असं विचारल्यावर त्यांचं उत्तर होतं: कधीच नाही. पर्याय मांडला की चर्चा बुश यांच्या योजनेवरून आपल्या योजनेवर घसरते आणि वाटाघाटींचं दार उघडतं, हे त्या पक्कं ओळखून होत्या. बुश यांची योजना कुठल्याच सभागृहात मताला आली नाही. २००६ मध्ये दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली.

पूर्वी असं नव्हतं म्हणतात, ते का?

थोडं खरं आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या वेळी दक्षिणेकडच्या डेमोक्रॅट सिनेटरांनी दोन महिन्यांहून जास्त काळ चर्चा अडवून धरली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः डेमोक्रॅट. त्यांना वाचवलं ते विरोधी नेते एव्हरेट डर्कसन यांनी. चर्चा थांबवण्याच्या बाजूनं ७१ मतं पडली, त्यात ३३ पैकी २७ रिपब्लिकन होते. विरोधी पक्षानं राष्ट्राध्यक्षांना त्यांच्याच पक्षापासून सोडवलं, असं आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पण तेव्हाचे लोक मनानं मोठे होते, हे उत्तर मला पटत नाही. पक्षच वेगळ्या मातीचे होते. दक्षिणेतला वर्णभेदवादी आणि न्यूयॉर्कचा उदारमतवादी एकाच डेमोक्रॅटिक पक्षात, आणि रिपब्लिकनांमध्येही उदारमतवाद्यांची चांगली मोठी फळी. मतभेदाची रेघ पक्षांच्या मधून नव्हे, पक्षांच्या आतून जात होती. दुसरं म्हणजे १९५५ ते १९९५ अशी सलग चाळीस वर्षं प्रतिनिधीगृह डेमोक्रॅट्सकडेच होतं. रिपब्लिकनांना सत्ता येण्याची आशाच नव्हती. ज्याला पुढच्या निवडणुकीत जिंकायची शक्यता दिसत नाही, तो मिळेल ते पदरात पाडून घेतो: आपल्या भागातला पूल, एखादी दुरुस्ती, समितीत थोडा मान. अडून बसून मिळवायचं काय?

हे बदललं प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन न्यूट गिंग्रिच यांच्या काळात. १९७८ मध्ये निवडून आल्यापासून त्यांचा धोशा एकच होता, की सहकार्य करत राहिलो तर कायम अल्पमतातच राहू. १९७९ पासून सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दिसायला लागलं होतं, त्याचा त्यांनी पुरेपूर वापर केला. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी ५४ जागा जास्त जिंकून ती चाळीस वर्षांची सत्ता उलथवली. तेव्हापासून प्रतिनिधीगृहाची सत्ता २००७, २०११, २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा पुन्हा फिरली. दोन वर्षांत आपणच सत्तेत येऊ असं दोन्ही पक्षांना कायम वाटत असतं. मग आज अर्धी भाकरी घेऊन सरकारला यश कशाला मिळवून द्यायचं?

मग तडजोडी होतात तरी कशा?

होतात, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त. फक्त त्यांना विशिष्ट हवामान लागतं.

एक म्हणजे कडू औषध. १९८३ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आटायला आला होता. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आणि प्रतिनिधीगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या आयोगाच्या आडून मार्ग काढला. निवृत्तीचं वय हळूहळू ६५ वरून ६७ वर न्यायचं ठरलं, चांगलं उत्पन्न असलेल्यांच्या पेन्शनवर कर लागला. हे एकट्यानं केलं असतं तर समोरच्यानं पुढच्या निवडणुकीत त्यावरूनच सोलून काढलं असतं. दोघांनी मिळून केलं, म्हणून कुणालाच बोट दाखवता आलं नाही. श्रेयासाठी कुणी सोबत नको असतं, दोषासाठी मात्र जोडीदार हवा असतो.

दुसरं हवामान, लोकांचा दबाव असह्य होणं. मे २०२२ मध्ये टेक्ससच्या युवाल्डी गावातल्या शाळेत एका बंदूकधाऱ्यानं १९ मुलं आणि दोन शिक्षिकांचा जीव घेतला. महिन्याभरात सिनेटनं बंदुकांविषयीचा कायदा ६५ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर केला. विरोधी बाकांवरच्या १५ रिपब्लिकनांनी साथ दिली. पण इथेही कॅलेंडर बघाच. त्या पंधरांपैकी चौघे निवृत्त होणार होते. त्या वर्षी निवडणूक लढवणारे फक्त दोघे. टॉड यंग यांची प्रायमरी आधीच उरकली होती. दुसऱ्या अलास्काच्या लिसा मरकाउस्की. त्यांच्या राज्यात मतदारांनी २०२० मध्ये नियमच बदलून टाकला होता: सगळ्या पक्षांची मिळून एकच खुली प्रायमरी आणि पहिले चार मुख्य निवडणुकीत. पक्षातल्या कडव्या मतदारांच्या हातची छडी तिथे काढून घेतलेली होती. नुसता निवडणुकीचा नियम बदलल्यानं लोकप्रतिनिधीला किती मोकळा श्वास घेता येतो, याचं याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण.

याच्या उलटही घडतं. २०२३ च्या अखेरीस रिपब्लिकनांनीच अट घातली, की युक्रेनला पैसा हवा असेल तर आधी मेक्सिकोची सीमा कडक करा. त्यांच्यातर्फे जेम्स लँकफर्ड यांनी डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष किर्स्टन सिनेमा यांच्याशी चार महिने घासाघीस केली. ४ फेब्रुवारी २०२४ ला मसुदा बाहेर आला. डेमोक्रॅट्सनी याआधी कधी मान्य केल्या नव्हत्या अशा गोष्टी त्यात होत्या. पण ट्रम्प यांनी त्याविरुद्ध आघाडी उघडली. निवडणूक नऊ महिन्यांवर होती आणि सीमेचा प्रश्न हा प्रचारातला त्यांचा हुकमी एक्का. तीनच दिवसांनी विधेयक ४९ विरुद्ध ५० असं पडलं. लँकफर्ड धरून फक्त चार रिपब्लिकन बाजूला उभे राहिले. प्रश्न सुटण्यापेक्षा तो धुमसत राहण्यात विरोधकांचा फायदा असला, की स्वतः मागितलेली गोष्टही घ्यायला हात पुढे येत नाही.

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रकार २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याचा. रस्ते, पूल, रेल्वे, पाणी, इंटरनेट यांवर सुमारे १.२ लाख कोटी डॉलरची योजना. १० ऑगस्टला सिनेटनं ती ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केली आणि १९ रिपब्लिकनांत खुद्द मॅकॉनेल होते. ओबामांच्या विधेयकावर ठसे उमटू न देणारा हाच माणूस इथे सही का करतो? एक तर रस्ते सगळ्यांनाच हवे असतात आणि पुलाच्या उद्घाटनाला श्रेय घ्यायला स्थानिक सिनेटरही जाऊ शकतो. दुसरं, फिलिबस्टरचा नियम मोडीत काढावा म्हणून तेव्हा डेमोक्रॅट्सवर त्यांच्या कार्यकर्त्यांचा जोर होता. जो मँचिन आणि सिनेमा (त्या तेव्हा डेमोक्रॅटच होत्या) हे दोघेच त्यांच्या पक्षात आडवे उभे होते, आणि त्यांचा युक्तिवाद होता की सहमती अजूनही शक्य आहे. ती शक्य आहे असं दाखवून देणं मॅकॉनेल यांच्या सोयीचं होतं. जानेवारी २०२२ मध्ये नियम बदलण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तो याच दोघांमुळे फसला. एका ठिकाणची तडजोड दुसऱ्या ठिकाणी अडवण्याची ताकद शाबूत ठेवते, असाही हिशेब असतो. आणि हो, त्या १९ जणांत ग्रासलीही होते. २०२२ मध्ये त्यांची निवडणूक असूनही. कॅलेंडर सगळं सांगत नाही, विषय काय आहे यावरही पुष्कळ ठरतं.

सिनेटमधून हेच विधेयक प्रतिनिधीगृहात गेलं, तिथे मात्र दोन वर्षांच्या मुदतीचा चटका बसला. नोव्हेंबरमध्ये फक्त १३ रिपब्लिकनांनी बाजूनं मत दिलं. त्यांना गद्दार ठरवण्यात आलं. मिशिगनचे फ्रेड अप्टन यांच्या कार्यालयात जिवे मारण्याच्या धमक्यांचे फोन आले.

त्या तेरांपैकी एक वेस्ट व्हर्जिनियाचे डेव्हिड मॅकिन्ली. आपलं राज्य डोंगराळ आणि गरीब, रस्ते-पूल खिळखिळे, पैसा येतोय तर नाही का म्हणायचं, असं त्यांचं साधं म्हणणं. जनगणनेनंतर राज्याची एक जागा कमी झाली आणि त्यांना आपल्याच पक्षाचे दुसरे विद्यमान प्रतिनिधी ॲलेक्स मूनी यांच्याविरुद्ध प्रायमरी लढावी लागली. मूनी यांनी विधेयकाला विरोध केला होता आणि ट्रम्प त्यांच्या पाठीशी होते. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर मॅकिन्ली यांच्या बाजूनं उतरले. डेमोक्रॅट मँचिन यांनीही त्यांच्यासाठी जाहिरात केली, जी रिपब्लिकन प्रायमरीत फायद्याची ठरली असेल असं वाटत नाही. १० मे २०२२ ला मॅकिन्ली मोठ्या फरकानं हरले. त्याच राज्याच्या, त्याच पक्षाच्या शेली मूर कॅपिटो यांनी त्याच विधेयकावर बायडन यांच्याशी आठवडेच्या आठवडे बोलणी केली होती आणि सिनेटमध्ये बाजूनं मतही दिलं होतं. त्यांची पुढची निवडणूक २०२६ मध्ये होती.